लिहीन, लिहिशील, लिहील

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी एका परक्या भाषेच्या व्याकरणाबद्दल बोलणार आहे. व्याकरण म्हटलं की रेडिओचं बटण फिरवायला हात पुढे होतो, हे मला ठाऊक आहे. पण थोडं थांबा. विषय अगदी लहान आहे. स्पॅनिश भाषेतला भविष्यकाळ, आणि तोही नियमित क्रियापदांचा. पाठ करायची रूपं फक्त सहा. पण या सहा रूपांमागे दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात आपल्या मराठीवरही थोडा उजेड पडतो.

स्पॅनिश ही आज सुमारे वीस देशांची राजभाषा आहे. पुण्या-मुंबईत तरुण मुलं नोकरीसाठी ती शिकतात. माझं कारण वेगळं होतं. मी बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. लोर्का, माचादो, नेरुदा हे कवी आयुष्यभर भाषांतरांतून वाचले. भाषांतरातून अर्थ कळतो, पण कवितेची चाल कळत नाही. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी स्पॅनिशचं पुस्तक उघडलं. या वयात भूतकाळ हा माणसाचा हक्काचा काळ असतो. आठवणी सांगायला कुणी शिकवावं लागत नाही. मला मात्र त्या पुस्तकात सगळ्यांत जास्त आवडला तो भविष्यकाळ.

आधी त्याची रीत सांगतो. स्पॅनिश क्रियापदं तीन घराण्यांची. मूळ रूपाच्या शेवटी ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ येतं. ‘कान्तार’ म्हणजे गाणं, ‘कोमेर’ म्हणजे खाणं, ‘एस्क्रिबिर’ म्हणजे लिहिणं. वर्तमानकाळात या शेपट्या कापाव्या लागतात आणि प्रत्येक घराण्याला वेगळे प्रत्यय लावावे लागतात. मराठीतही आपण ‘गाणे’ मधला ‘णे’ काढूनच पुढे जातो. स्पॅनिश भविष्यकाळात मात्र काही कापायचं नाही. शब्दकोशात क्रियापद जसं असतं तसंच ते उचलायचं आणि त्याच्या शेवटी प्रत्यय जोडायचा. प्रत्यय असे: ए, आस, आ, एमोस, एइस, आन. तिन्ही घराण्यांना हेच.

आता म्हणून पाहा. कान्तारे, मी गाईन. कान्तारास, तू गाशील. कान्तारा, तो किंवा ती गाईल. कान्तारेमोस, आम्ही गाऊ. कान्तारेइस, तुम्ही गाल. कान्तारान, ते गातील. ‘खाणं’ घ्या: कोमेरे, कोमेरास, कोमेरा, कोमेरेमोस, कोमेरेइस, कोमेरान. ‘लिहिणं’ घ्या: एस्क्रिबिरे, एस्क्रिबिरास, एस्क्रिबिरा, एस्क्रिबिरेमोस, एस्क्रिबिरेइस, एस्क्रिबिरान. झालं. एवढ्यावर हजारो क्रियापदांचा भविष्यकाळ तुमच्या हाती आला.

यातली पाचवी रूपं, म्हणजे कान्तारेइस, कोमेरेइस, ही मुख्यतः स्पेनमध्ये चालतात, तीही जवळच्या माणसांच्या घोळक्याशी बोलताना. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत ‘तुम्ही सगळे’ यासाठी सहावंच रूप वापरतात. एकट्या माणसाशी आदरानं बोलायचं तर तिसरं रूप घ्यायचं. मान देण्यासाठी समोरच्याला जरा लांब बसवायचं, ही पद्धत आपल्याला नवीन नाही.

मराठी माणसाला हे उच्चार जड जात नाहीत. स्वर पाचच, आणि ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे. लक्ष द्यायचं ते आघाताकडे. भविष्यकाळात आघात नेहमी प्रत्ययावर पडतो. सहापैकी पाच रूपांत लिहितानाही त्या स्वरावर तिरकी रेघ देतात. फक्त ‘एमोस’ वर ती नसते, कारण तिथे स्पॅनिशच्या साध्या नियमानेच आघात ‘ए’ वर येतो. ही रेघ शोभेची नाही. ‘कान्तारा’ म्हणताना जोर शेवटच्या ‘रा’ वर दिला तर अर्थ होतो ‘तो गाईल’. तोच जोर मधल्या ‘ता’ वर दिला तर ते ‘तो गायला असता तर’ या अर्थाचं रूप होतं. एक होणारी गोष्ट, दुसरी राहून गेलेली. दोघींमध्ये अंतर फक्त एका जोराचं.

आता हे प्रत्यय आले कुठून ते पाहू. माझ्या मते या विषयातला सगळ्यांत रसाळ भाग हाच.

स्पॅनिशची आई लॅटिन. लॅटिनमध्ये भविष्यकाळ वेगळा होता. ‘तो गाईल’ याला ‘कान्ताबित’ आणि ‘तो गायला’ याला ‘कान्तावित’. पुढे लोकांच्या बोलण्यात ‘ब’ आणि ‘व’ यांचे उच्चार एकमेकांत मिसळू लागले. आता विचार करा, ‘गाईल’ आणि ‘गायला’ कानाला सारखेच ऐकू येऊ लागले तर व्यवहार कसा चालायचा? सावकाराला ‘पैसे दिले’ म्हटलं की ‘पैसे देईन’ म्हटलं? भविष्यकाळाचे इतर प्रकारही एकमेकांत गुंतत होते. अशा वेळी लोक पंडितांची वाट बघत बसत नाहीत. ते आपला मार्ग काढतात. त्यांनी ‘कान्तारे हाबेओ’ असं म्हणायला सुरुवात केली. ‘हाबेओ’ म्हणजे ‘माझ्याजवळ आहे’. गाणं माझ्याजवळ आहे, म्हणजेच मला गायचं आहे.

मला गायचं आहे. श्रोतेहो, ही रचना आपल्या ओळखीची आहे. ‘मला उद्या गावाला जायचं आहे’ असं आपण रोज म्हणतो. त्यात इच्छा असते, कर्तव्य असतं आणि उद्याची गोष्टही असते. आणि घाईत आपण ‘जायचं आहे’ असं पूर्ण कुठे म्हणतो? ‘जायचंय’ म्हणतो. दोन शब्दांचा एक झाला. स्पेनमध्ये नेमकं हेच घडलं. ‘हाबेओ’ झिजत झिजत नुसतं ‘ए’ राहिलं आणि ‘कान्तार’ ला चिकटलं. कान्तार अधिक ए, कान्तारे.

पुरावा हवा असेल तर त्या सहायक क्रियापदाचा आजचा वर्तमानकाळ म्हणून पाहा: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. आणि आपले प्रत्यय: ए, आस, आ, एमोस, एइस, आन. एकाच ठिकाणी ‘आब’ गळून पडलं आहे. बाकी जसंच्या तसं. ही गोष्ट नेब्रिहा या पंडितानं ओळखली होती. त्यानं १४९२ साली कास्तिलियन भाषेचं, म्हणजे आजच्या स्पॅनिशचं, पहिलं व्याकरण छापलं, आणि त्यात हा भविष्यकाळ मूळ क्रियापद आणि हे सहायक मिळून, म्हणजे वळसा घालून, तयार होतो असं सांगितलं.

हा सांधा बराच काळ उसवता येत होता. बाराशेच्या सुमाराचं ‘एल सिद’ या वीराचं काव्य आहे. त्या काळच्या भाषेत ‘तुला देईन’ म्हणताना ‘दार’ आणि ‘ए’ यांच्या मध्ये ‘ते’ म्हणजे ‘तुला’ घालून ‘दार-ते-ए’ असं म्हणत. स्पॅनिशमध्ये ही रीत पुढे मेली. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये मात्र लिखित भाषेत ती आजही आहे, ‘दार-ते-एइ’. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती. त्या काळच्या शाळांत शिकलेल्या जुन्या माणसांना हा मधे घुसणारा शब्द पाठ करावा लागला असणार.

या नव्या भविष्यकाळाचं एक फार जुनं उदाहरण सातव्या शतकातल्या एका लॅटिन इतिहासग्रंथात सापडतं. फ्रेडेगर या नावानं तो ओळखला जातो. त्यात गोष्ट अशी आहे: सम्राट जस्टिनियननं इराणच्या राजाला हरवलं आणि जिंकलेले प्रांत परत माग म्हणून नव्हे, परत दे म्हणून सांगितलं. राजा म्हणाला, मी देणार नाही. सम्राट म्हणाला, ‘दारास’, तू देशील. आणि म्हणून तिथल्या गावाचं नाव दारास पडलं. गाव जस्टिनियनच्या आधीच वसलेलं होतं, त्यामुळे नावाची ही गोष्ट रचलेलीच. पण गंमत पाहा. गोष्टीतला हरलेला राजा जुन्या लॅटिन भविष्यकाळात ‘दाबो’ म्हणतो आणि जिंकलेला सम्राट नव्या भविष्यकाळात उत्तर देतो. ‘तू देशील’ याला आजही स्पॅनिशमध्ये शब्द आहे ‘दारास’.

आपल्याकडच्या भाषांनीही आपापला भविष्यकाळ असाच घरी बनवला आहे. हिंदी-उर्दूत ‘जाऊंगा’ म्हणतात. त्यातला ‘गा’ हा ‘गेला’ या अर्थाच्या ‘गत’ या शब्दापासून आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे उद्या जाण्यासाठी त्यांनी ‘गेला’ हाच शब्द जुंपला. तिथे बाईला ‘जाऊंगी’ म्हणावं लागतं. मराठीत मात्र एक सुंदर गोष्ट आहे आणि आपलं तिच्याकडे कधी लक्ष जात नाही. वर्तमानकाळात आपण ‘मी येतो’, ‘मी येते’ असा भेद करतो. भूतकाळात ‘आलो’, ‘आले’. भविष्यकाळात पुरुषही ‘येईन’ म्हणतो आणि बाईही ‘येईन’ म्हणते. स्पॅनिश भविष्यकाळातही असंच. उद्याच्या दारात दोघं सारख्या मापाची.

आणखी एक साम्य आहे. स्पॅनिशमध्ये ‘इर’ म्हणजे जाणं. वर्तमानकाळात त्याची रूपं ‘बोय, बास, बा’ अशी कुठच्या कुठे जातात. भविष्यकाळात तेच क्रियापद सरळ येतं: इरे, इरास, इरा. मराठीतही ‘जाणे’ चा भूतकाळ ‘गेला’ आणि ‘येणे’ चा ‘आला’, पण भविष्यकाळात जाईन, येईन, अगदी शहाण्यासारखं. स्पॅनिशमध्ये डझनभर नेहमीची क्रियापदं भविष्यकाळात थोडी वाकडी होतात. ‘तेनेर’ चं ‘तेन्द्रे’ होतं, ‘पोदेर’ चं ‘पोद्रे’. पण तिथेही बदल फक्त धडात, प्रत्यय तेच सहा.

आता हा भविष्यकाळ वापरतात कुठे? सुरुवातीला मी ‘बोलणार आहे’ म्हणालो, ‘बोलेन’ म्हणालो नाही. आपल्याकडे दोन्ही आहेत. स्पॅनिश लोकही रोजच्या बोलण्यात, विशेषतः अमेरिकेच्या बाजूला, ‘बोय आ कान्तार’ असं जास्त म्हणतात. शब्दशः ‘मी गायला जातोय’. ठरलेल्या, हाताशी आलेल्या गोष्टीसाठी ते रूप. ‘कान्तारे’ हे जरा औपचारिक, लिहिण्यात जास्त येणारं, आणि वचन देताना शोभणारं. ‘मी येणार आहे’ ही माहिती झाली. ‘मी येईन’ हा शब्द दिला. हुकमासाठीही हाच काळ चालतो. बायबलमधल्या दहा आज्ञा स्पॅनिशमध्ये भविष्यकाळातच आहेत. ‘चोरी करू नकोस’ असं नाही, तर ‘तू चोरी करणार नाहीस’. आपल्याकडे घरातलं वडीलधारं माणूस नाही का म्हणत, ‘उद्या सकाळी तू जाशील आणि त्यांची माफी मागशील.’

एका ठिकाणी मात्र मराठी माणसानं सांभाळावं. आपण म्हणतो, ‘तो येईल तेव्हा मी गाईन’. दोन्हीकडे भविष्यकाळ. स्पॅनिशमध्ये ‘तेव्हा’ च्या बाजूला भविष्यकाळ चालत नाही. तिथे संशयाचं, इच्छेचं वेगळं रूप लागतं. मी गाईन याची खात्री मी देऊ शकतो, तो येईल याची खात्री मी कशी देऊ, असा काहीसा तो विचार.

आणि एक उपयोग तर्काचा. स्पॅनिशमध्ये ‘सेरान लास त्रेस’ म्हटलं तर शब्दशः ‘तीन असतील’, म्हणजे तीन वाजले असतील. गोष्ट आत्ताची, काळ मात्र भविष्याचा. कारण नक्की माहीत नाही. आपणही म्हणतो, ‘घरी असेल तो’, ‘चहा घेत असतील’. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब, पण अंदाज करताना दोघीही उद्याकडे हात पसरतात.

या तर्काच्या भविष्यकाळाशी माझी जुनी ओळख आहे. कविसंमेलनांत माझं नाव ऐकून कुणीतरी आपुलकीनं विचारतं, ‘आपण उर्दूत लिहीत असाल?’ त्यात वाईट हेतू नसतो. पण त्या ‘असाल’ मध्ये माझ्याबद्दलचा एक निकाल आधीच लागलेला असतो. आमच्या घरी दखनी बोलतात, गल्लीत मराठी, आणि कविता मला पहिल्यापासून मराठीतच सुचली. शेख महंमदांनी मराठीत अभंग आणि ओव्या लिहिल्या त्यालाही काही शतकं झाली. मी उत्तर देतो, ‘मराठीत लिहितो. पुढेही मराठीतच लिहीन.’ समोरच्याचा भविष्यकाळ अंदाजाचा, माझा वचनाचा. व्याकरण एकच.

स्पॅनिश शिकताना मला अशीच माणसं तिथे भेटली. स्पेनमध्ये मुसलमान राजवट संपल्यावर जे मुसलमान तिथेच राहिले, त्यांना बाप्तिस्मा घ्यायला लावला गेला. त्यांना मोरिस्को म्हणत. त्यातल्या अनेकांची, विशेषतः कास्तील आणि आरागोन भागातल्यांची, बोलीभाषा स्पॅनिशच होती. ते स्पॅनिशच लिहीत, पण अरबी अक्षरांत. या लेखनाला आल्हामियादो म्हणतात. आरेवालोचा तरुण या नावानं ओळखला जाणारा त्यांचा एक लेखक सोळाव्या शतकात होऊन गेला. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढण्यात आलं. पुढे १८८४ साली सारागोसा प्रांतातल्या आल्मोनासिद दे ला सिएरा या गावात एक जुनं घर पाडताना खोट्या जमिनीखाली लपवलेली हस्तलिखितं सापडली. त्यातली बरीचशी आज माद्रिदमध्ये जपून ठेवली आहेत.

पुस्तकं जाळून टाकली असती तर त्या लोकांचा धोका कमी झाला असता. त्यांनी ती लपवली. लपवणं ही भविष्यकाळातली कृती आहे. कुणीतरी वाचेल. ‘वाचणं’ याला स्पॅनिश शब्द ‘लेएर’. त्याचा भविष्यकाळ नियमित: लेएरे, लेएरास, लेएरा. अक्षर अरबी, भाषा स्पॅनिश, आणि जमिनीखाली अडीचशेहून अधिक वर्षं पडून राहिलेला एक ‘लेएरा’. ज्या भाषेनं त्यांना आपलं म्हटलं नाही, तीच त्यांची भाषा होती आणि ती त्यांनी सोडली नाही.

त्यांच्या आधीच्या अरबी बोलणाऱ्यांनी एक शब्द स्पॅनिशला कायमचा दिला आहे, ‘ओहाला’. अल्लाहनं इच्छिलं तर, या अर्थाच्या अंदलुसी अरबी शब्दांपासून तो आला. आज स्पेनमधला चर्चला जाणारा माणूस ‘ओहाला’ म्हणतो आणि देव न मानणाराही म्हणतो. अर्थ एवढाच, तसं होवो. आमच्याकडे आजी ‘उद्या येईन’ कधी नुसतं म्हणत नसे, ‘इन्शाअल्ला’ जोडत असे. शेजारच्या काकू ‘पांडुरंगाच्या मनात असेल तर’ म्हणत. विशेष म्हणजे ‘ओहाला’ च्या पुढे स्पॅनिश माणूस भविष्यकाळ वापरत नाही. तिथेही ते इच्छेचंच रूप येतं. जे आपल्या हातात नाही त्यासाठी ओहाला. जे आपण करू म्हणतो त्यासाठी कान्तारे, एस्क्रिबिरे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचं शहाणपण त्या भाषेत आहे.

श्रोतेहो, जाता जाता एक गृहपाठ देतो. एक साधं क्रियापद घ्या. ‘आब्लार’ म्हणजे बोलणं, ‘अप्रेन्देर’ म्हणजे शिकणं, ‘बिबिर’ म्हणजे जगणं. शेपटी कापू नका. पुढे ए, आस, आ, एमोस, एइस, आन लावा. जोर प्रत्ययावर द्या. मोठ्यानं म्हणा, घरातलं कुणी हसलं तर हसू द्या. आणि मग तेच मराठीत म्हणून पाहा: शिकेन, शिकशील, शिकेल, शिकू, शिकाल, शिकतील. रोज तोंडात असलेली ही रूपं आपण कधी अशी ओळीनं उभी करून पाहिलेली नसतात. परक्या भाषेचं व्याकरण शिकण्याचा हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो.